गुळव्याचा डोळा आणि काट्याचा आकडा: करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यात नदीकाठच्या एका गावात हे गुऱ्हाळ आहे. सध्या ते तिसऱ्या पिढीच्या हातात आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही, काही तपशील बदलले आहेत आणि माणसांना नात्यानेच संबोधले आहे. आबा म्हणजे सत्तरीकडे झुकलेले मालक. त्यांचा धाकटा मुलगा, त्याची बायको म्हणजे सूनबाई, आणि गुऱ्हाळावरचे गुळव्या, म्हणजे पाक शिजवून गूळ काढणारे कसबी, ज्यांना सगळा गाव मामा म्हणतो.

गूळ कोल्हापूरच्या हाडीमाशी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापाराने भरभराटीला आली. आजही दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात, ३० किलोच्या रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या मोठ्या ढेपांच्या, थप्प्या लागतात आणि बराचसा माल गुजरातकडे जातो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही गुऱ्हाळे कमी होत गेली. ऊस कारखान्याला घातला की तोडणी-वाहतूक कारखान्याची टोळी बघते. गुऱ्हाळाला मात्र रात्रंदिवस राबणारी माणसे लागतात आणि ती मिळत नाहीत.

या गुऱ्हाळावर घरचा ऊस गाळला जातो, शिवाय भाऊबंदांचाही येतो. भाऊबंद गाळपाचे पैसे देतात आणि आपला गूळ आपल्या नावाने सौद्याला लावतात. म्हणजे काहील (रस आटवायची मोठी कढई) एकाची, ऊस दुसऱ्याचा आणि कसब तिसऱ्याचे. पुढे जे घडले त्याची बरीचशी मुळे या रचनेत आहेत.

मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात काही वर्षे काढली होती. तिथे प्रत्येक हीटला, म्हणजे धातू वितळवायच्या प्रत्येक खेपेला, नंबर असतो. तापमान, रसायन, वेळ सगळे लिहिले जाते. कास्टिंग परत आले की नंबर बघून मागे जाता येते. गुऱ्हाळात तो परतला तेव्हा घरच्यांना वाटले, पोरगा नोकरी सोडून आला. तो येताना काय घेऊन आला होता, हे कळायला दोन हंगाम गेले.

अडचण

सौद्यात गुळाची पारख डोळ्याने होते. पिवळाधमक रवा आधी उचलला जातो, तांबूस रव्याला भाव पडतो. गुळाचा स्वतःचा रंग तर जातीवर, जमिनीवर, खतावर आणि पाकाच्या आचेवर ठरतो. दरवेळी पिवळा कसा निघेल? मग काहिलीत हायड्रॉस पडते, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. गूळ तेवढ्यापुरता उजळ दिसतो, पण साठवणीत रंग पुन्हा काळवंडतो आणि गंधक मागे राहते. गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७० भाग, आहे. मूठ भरून पावडर टाकणाऱ्याला ही मर्यादा कधी ओलांडली हे कळण्याचा काही मार्ग नसतो.

आबांना हे सगळे ठाऊक होते. घरात खायचा गूळ ते वेगळ्या आदणाचा, म्हणजे काहिलीच्या वेगळ्या खेपेचा, काढून ठेवत. ही गोष्ट गुऱ्हाळाच्या पट्ट्यात कोणाला विचाराल तर हसून कबूल करतील.

मुलाला पुण्यातल्या ओळखीच्या लोकांनी बिनरसायनी गूळ एक-एक किलोत मागितला. मागणी होती, भावही बरा होता. त्याने आबांच्या मागे लागून काही आदणे हायड्रॉसशिवाय काढून घेतली. गूळ एकसारखा येईना. एक आदण खडखडीत, दुसरे मऊ, तिसऱ्याला करपल्याचा वास. उरलेले रवे सौद्याला लावले तर अडत्याने, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाने, आबांना बाजूला घेऊन विचारले, "काय आबा, गुळव्या बदलला काय?" मामांच्या कानावर ते गेले. चार दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत.

आजवर हायड्रॉसने रंगाबरोबर आणखी एक काम केले होते. कमी-जास्त जमलेली सगळी आदणे एका रंगात झाकून टाकली होती. पावडर थांबल्यावर प्रत्येक आदणाचे खरे रूप उघडे पडले.

समोरचे पर्याय

घरात आठवडाभर खल झाला. पहिला पर्याय सोपा होता, जे चालले आहे ते चालू ठेवायचे. आबांचा कल तिकडेच होता आणि त्यांचे कारण हलके नव्हते. अडत्याकडून हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतलेली असते, पिढ्यांचा व्यवहार असतो, लग्नकार्यात तो घरचाच माणूस. त्याचा विश्वास घालवून पुण्याच्या फोनवरच्या गिऱ्हाइकांवर विसंबायचे?

दुसरा पर्याय यंत्राचा. स्टीलची काहील, गूळ पावडरीचे यंत्र, वाळवण्याची सोय. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळत होते. शेजारच्या गावात एकाने असे यंत्र घेतले होते. मुलाचा जीव त्यात अडकला होता.

तिसरा पर्याय गुळव्या बदलण्याचा. तो कोणी मोठ्याने बोलला नाही, पण मनात सगळ्यांच्या होता.

चौथा सूनबाईंनी मांडला. त्या बी.एस्सी. झालेल्या. त्यांचे म्हणणे असे की गूळ का बिघडतो हे आधी कळू दे, मग यंत्र घ्या नाहीतर माणूस बदला. कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. तिथे जाऊन दोघांनी माहिती घेतली. घट्ट गुळासाठी पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला उतरवावा, पावडरीसाठी १२० ते १२२, काकवीसाठी, म्हणजे पातळ गुळासाठी, १०५-१०६. रसाची आम्लता चुन्याच्या निवळीने बेताने कमी करावी, चुना जास्त झाला तर गूळ काळा पडतो. मळी, म्हणजे रसावर येणारा गाळ-फेस, काढायला रानभेंडीचा चिकट रस वापरावा. ऊस तोडल्यावर लवकरात लवकर गाळावा.

यातली रानभेंडी मामांच्या रोजच्या वापरातली होती, चुनाही होता. आकडे तेवढे नवे होते. चौथा पर्याय ठरला. त्यात पैसा सर्वांत कमी लागणार होता म्हणून आबांनीही मान डोलावली. निदान आधी करून मग यंत्र, हा क्रम या प्रकरणातला सर्वांत कमी दिसणारा पण माझ्या मते सर्वांत वजनदार निर्णय.

पहिला हंगाम: काटा कोणासाठी

मुलाने आधी फौंड्रीच्या सवयीने लांबून तापमान दाखवणारी गन आणली. वाफ आणि फेसामुळे ती पाकाच्या पृष्ठभागाचे भलतेच आकडे दाखवू लागली. मग लांब दांड्याचा, डायलचा थर्मामीटर आणला. तपासायला उकळत्या पाण्यात धरला तर काटा ९८ च्या आसपास थांबला. आबा म्हणाले, दुकानदाराने फसवले. बदलून आणला. दुसराही ९८. तेव्हा सूनबाईंच्या लक्षात आले की कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि इथे पाणी १०० च्या आधीच उकळते. काटा बरोबरच होता. यातून एक चांगली गोष्ट झाली. कागदावरचा आकडा जसाच्या तसा पाळायचा नाही हे घराला पटले. आपल्या काहिलीवर, आपल्या काट्यावर, नीट बसलेला गूळ कोणत्या आकड्याला उतरतो ते बघायचे.

पण काटा काहिलीत धरायचा कोणी? मामांनी पहिल्याच दिवशी सुनावले होते. "चाळीस वर्सं पाक बघतोय. आता ह्यो काटा मला श्यानपन शिकिवणार व्हय?"

मामांची पद्धत अशी: बुडबुडे मोठे होऊन जड फुटू लागले की फावडीला लागलेला पाक गार पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी वळायची, गोळी कशी बसते त्यावरून काहील उतरवायची. हे त्यांनी कोणाला शब्दांत सांगितलेले नाही. तालमीतला वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, तसा गुळव्याचा राखलेला डाव म्हणजे ही गोळी. त्यात लबाडी नाही. डाव सगळ्यांना आला तर पुढच्या हंगामाची उचल वस्तादाला कोण देणार?

इथे मुलाने जे केले ते फौंड्रीतून आले होते. त्याने मामांना काहीही करायला सांगितले नाही. मामा "उतरा" म्हणाले की तो काट्याचा आकडा वहीत लिही. आदणाचा नंबर, उसाचा प्लॉट, दिवस की रात्र, उतरतानाचा आकडा, आणि दुसऱ्या दिवशी रवा कसा बसला. बस्स. काटा मामांची परीक्षा घेत नव्हता, त्यांनी केलेले टिपून घेत होता.

महिन्याभराने वही वाचली तेव्हा मामांची दिवसाची आदणे एकमेकांच्या अगदी जवळ उतरलेली दिसली, जेमतेम अंशाच्या फरकाने. रात्रीची मात्र विखुरलेली. आबांनी हे मामांना सांगायचे धाडस मुलाला करू दिले नाही. त्यांनी स्वतः सांगितले, आणि सांगताना दिवसाचेच आधी सांगितले. मामा वहीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, रात्री उजेड वरून पडतो, वाफेत बुडबुडा दिसत नाही, दिवा बाजूला घ्या. दिवा बाजूला, खाली घेतला. रात्रीची आदणेही सावरली. त्यानंतर कधीतरी मामांनीच हाक दिली, "पोरा, काटा किती?"

लहान उद्योगांच्या अभ्यासात बाहेरचे ज्ञान ओळखणे, पचवणे आणि वापरणे या कुवतीला ग्रहणक्षमता म्हणतात. कोहेन आणि लेव्हिन्थाल यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली. ही क्षमता आधीच्या ज्ञानावर अवलंबून असते असे त्यांचे म्हणणे. या घरात ते आधीचे ज्ञान तीन ठिकाणी विखुरले होते: फौंड्रीची वही, कॉलेजातले भौतिकशास्त्र आणि मामांचा डोळा. तिघांना एका काहिलीभोवती आणायचे तर कोणाचा मान कुठे आहे हे जाणणारे आबा लागले. त्यांना स्वतःला काटा वाचायला चष्मा लागत होता.

मजुरीचा गुंता

दुसरी अडचण पैशांची निघाली. गुळव्या, घाण्यावरचे आणि चुलवाणात चिपाड सारणारे गडी यांची मजुरी आदणावर होती. जितकी आदणे जास्त तितके पैसे जास्त. हायड्रॉस नसेल तर मळी निगुतीने काढावी लागते, आच बेताने ठेवावी लागते, आदणाला वेळ जातो. म्हणजे चांगला गूळ करणाऱ्याचे पैसे कमी होत होते. वरून उपदेश करून काय उपयोग?

मजुरी रोजावर न्यावी असे मुलाचे मत. आबांना भीती की रोजावर लोक बसून राहतील. शेवटी मधला मार्ग निघाला: बिनरसायनी आदणाला वाढीव दर, आणि एक किलोच्या ढेपा परत न येता विकल्या गेल्या तर हंगामाच्या शेवटी मामांना आणि गड्यांना वरचे काही. भाऊबंदांच्या आदणांना जुनाच दर आणि जुनीच पद्धत. तिथे हायड्रॉस चालूच राहिले. एकाच काहिलीवर दोन न्याय हे मुलाला खटकत होते. पण भाऊबंदांच्या गुळाचा भाव पडला तर त्याची भरपाई आपण करणार का, या आबांच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते.

वहीने दाखवलेली दुसरी गोष्ट

पावसाळ्यात पुण्याहून तक्रारी आल्या. ढेपांना पाणी सुटले, कागद चिकटला. सगळ्या नाही, काही. प्रत्येक ढेपेवर सूनबाईंनी आदणाचा नंबर टाकला होता. तक्रारींचे नंबर वहीत शोधले. उतरतानाचे आकडे ठीक होते. प्लॉट मात्र जवळपास एकच, चुलत्यांचा. त्यांच्याकडून विकत घेतलेला ऊस होता तो.

आधी जमिनीवर संशय घेतला. पाणथळ, खारवट रानातल्या उसाचा गूळ मऊ राहतो हे गावात सर्वांना माहीत. पण त्याच रानातली दोन आदणे चांगली निघाली होती. मग आठवून आठवून हिशेब लावला तेव्हा कळले की चुलत्यांना तोडणीला माणसे मिळत नव्हती. कारखान्याच्या टोळीतले कोणी मोकळे सापडले की ते ऊस तोडून ठेवत, आणि तो दोन-दोन दिवस फडात पडून राही. तोडलेल्या उसात साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होत जाते आणि असा गूळ हवेतले पाणी ओढतो. वहीत "तोड ते घाणा किती तास" असा रकाना वाढला.

चुलत्यांना हे सांगायचे कसे? तुमचा ऊस नको म्हणणे म्हणजे भाऊबंदकीत कलागतीचा नवा विषय. घरात तीन मते पडली. सूनबाईंनी मार्ग काढला. ज्या कारणाने गूळ मऊ पडतो तेच कारण काकवीला उपकारक, कारण त्यामुळे काकवीत साखरेचे खडे लवकर धरत नाहीत. चुलत्यांच्या उशिरा आलेल्या उसाची काकवी करायची ठरली. आबा चुलत्यांना म्हणाले, "तुझ्या उसाची काकवी लई झकास हुतीया." चुलते खूश. खरे कारण त्यांना माहीत आहे असा माझा अंदाज आहे, कारण पुढच्या हंगामात तोडणी आणि गाळप यांतले अंतर आपोआप कमी झाले.

मामा नसलेला पंधरवडा

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर मामांनी सीमेपलीकडच्या एका गुऱ्हाळाची उचल घेतली. तिथे रक्कम जास्त होती आणि घरात नातीचे लग्न होते. कोणी त्यांना दोष दिला नाही. मुलाला वाटले, वही आहे, काटा आहे, एक तरणा गडी हाताशी आहे, आपण करू.

पाक बरोबर आकड्याला उतरत होता तरी गूळ गढूळ, चवीला किंचित कडवट. पंधरा दिवस असे गेले. वही शेवटचा क्षण सांगत होती, सुरुवातीचा तास सांगत नव्हती. रस तापू लागल्यावर पहिली मळी कधी वर येते, रानभेंडी कधी सोडायची, आच कधी दाबायची, चुन्याची निवळी किती, हे मामांचे हात परस्पर करत होते. त्यासाठी वहीत रकानाच नव्हता, कारण तिथे काही शिकण्यासारखे आहे हे कोणाला सुचले नव्हते. मोजायला सोपे ते मोजले गेले होते.

आबा स्वतः मामांकडे गेले. पूर्ण हंगाम नाही, पण आठवड्यातून एक मुक्काम करायचे मामांनी कबूल केले. त्यांच्यासोबत त्यांचा भाचा आला. मामांनी डाव शिकवला तो भाच्याला, मुलाला नाही. मुलगा तिथे उभा राहून लिहीत होता आणि ते मामांना चालले. शिकवणे घरातल्याला आणि बघू देणे मालकाला, ही वाटणी कोणी ठरवली नव्हती.

निष्पत्ती

सध्या घरच्या उसाचा बहुतेक गूळ बिनरसायनी निघतो. एक किलोच्या ढेपा आणि काकवी थेट जाते, उरलेले रवे त्याच अडत्याकडे. अडत्याने तांबूस रव्यांसाठी वेगळे गिऱ्हाईक शोधले आहे, मात्र त्यांचा भाव अजूनही पिवळ्याच्या खाली आहे. भाऊबंदांपैकी एकाने आपली काही आदणे हायड्रॉसशिवाय काढायला सांगितले, बाकीच्यांनी नाही.

पावडरीचे यंत्र घेतलेले नाही. शेजारच्या गावातले यंत्र हंगामाच्या मध्यात बंद पडून आहे, कारण ते चालवणारा मुलगा नोकरीला गेला. हे ऐकून आबांनी काही न बोलता मुलाकडे बघितले म्हणतात.

वेष्टन आणि लेबल लावून गूळ विकायला लागल्यावर कागदपत्रांचे ओझे वाढले. अन्नसुरक्षेची नोंदणी आली. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पॅकबंद गुळावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याचाही विचार आला. ही कामे सूनबाईंकडे आहेत. गुऱ्हाळाच्या पाटीवर नाव मात्र आबांचे आणि मुलाचे.

वेगळे काय करता आले असते

घरच्यांशी आणि मामांशी बोलल्यावर चार जागा ठळक दिसतात.

पहिली, ती सुरुवातीची आदणे. बिनरसायनी गूळ जमतो की नाही हे माहीत नसताना ते रवे थेट सौद्याला लावले. अडत्याला आधी सांगून, वेगळी थप्पी लावून गेले असते तर मामांच्या नावाला बट्टा लागला नसता आणि पुढचे महिना-दोन महिने वाचले असते. ज्या बाजारात गुळव्याची पत रंगावर ठरते, तिथे रंग बदलण्याआधी गुळव्याला विचारायला हवे होते. मालकांनी आपापसात ठरवले.

दुसरी, वहीचे रकाने. ते मुलाने एकट्याने आखले. मामांना विचारले असते, "गूळ बिघडायला सुरुवात कुठं हुते?" तर त्यांनी मळीकडे बोट दाखवले असते. आता सुरुवातीच्या तासाचे मोबाइलवर चित्रण करतात, भाचा बोलत असतो, मामा मधून मधून त्याला रागावतात. लिहून न आलेले बरेचसे त्या रागावण्यात येते.

तिसरी, उचल. गुळव्या दरवर्षी नव्या बोलीने बांधला जातो तोवर गुऱ्हाळाचे शिकणे दर हंगामाला दाराबाहेर जाऊ शकते. वर्षभराची थोडी बांधिलकी, पावसाळ्यात दुरुस्तीचे काम, आजारपणाला हात, असे काही पहिल्याच हंगामात बोलता आले असते. आबा म्हणतात, तेवढा पैसा तेव्हा नव्हता. मुलगा म्हणतो, यंत्राच्या हप्त्याचा विचार करत होतो त्यातला थोडा पुरला असता. दोघांचे हिशेब मी पाहिले नाहीत, पण मुलाचे म्हणणे मला जास्त पटते.

चौथी अजून सुटलेली नाही. भाऊबंदांच्या आदणांत हायड्रॉस किती पडते याची नोंद वहीत नाही. मुलाने रकाना आखला होता, आबांनी तो भरू दिला नाही. दुसऱ्याच्या उसाचे आपण का लिहायचे, असे त्यांचे म्हणणे. यंदा पाडव्याच्या आधी सूनबाईंनी स्वतःच्या आदणांचे दोन आणि भाऊबंदांच्या आदणाचा एक असे नमुने गंधकाच्या तपासणीसाठी बांधून ठेवले. त्यातला तिसरा पाठवायचा की नाही, यावर घरात अजून बोलणे चालू आहे.